टेपचं दुसरं टोक

एक भांडी धुण्याचं आणि एक कपडे वाळवण्याचं, अशी दोन स्वस्तातली मशिनं आजोबांच्या मुलाने पसंत केली होती. शेजारीशेजारी ठेवायला एकशेवीस सेंटीमीटर जागा हवी होती, आणि भाड्याच्या घरात काही तोडफोड करता येणार नव्हती. मापं घ्यायचं काम आजोबांनी नातीला दिलं.

"टेप ताणून धर. सैल सोडली की जागा उगाच वाढते. आणि आकडा दोनदा बघायचा."

स्वयंपाकघरात शंभर भरले, बाल्कनीत पंच्याण्णव.

"आता तुमच्या कॉटची जागा," ती म्हणाली. "मशिनं तिथे मावली तर तुम्ही काकांकडे राहायला जाणार, असं बाबा म्हणाले."

"हो. धर टोक."

तिने आकडा दोनदा बघितला. पेन्सिल मात्र कागदावर टेकेना.

"किती आलं?"

"एकशेबावीस." मग हळूच म्हणाली, "आजोबा, एकशेअठरा लिहू?"

टेपचं दुसरं टोक आजोबांनी भिंतीला घट्ट दाबून धरलं होतं.

"जेवढं आलं, तेवढंच लिहायचं, बाळा," ते म्हणाले. "आणि अक्षर नीट काढ. बाबांना वाचता आलं पाहिजे."