दुसरे पान

फाटकाची कडी काढतानाच अपूर्वला उकडत्या अळूचा वास आला. त्याचा हात कडीवरच थबकला.

"कोन हाय गा?" शेजारच्या ओट्यावरून यमुताईंनी डोळे बारीक केले. "अगा बाप्पा, अपूर्व! आता सुचलं काय तुले घर?"

"अम्मा कशी आहे?"

"जाऊन पाय ना. बाप गेला तवा आला नाहीस, फोन उचलला नाहीस." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "पन मायचं काळीज हाय गा ते. दर आषाढी अमुशाले दोन पानं वाढते. एक तुझ्या बापाचं. दुसरं कोनाचं म्हनून विचारलं, तर म्हने, अपूर्वचं. जाय, वाट पाहून राहिली ते."

अपूर्व अंगण ओलांडून आत निघाला. क्षमा मागण्याइतके शब्द त्याच्यापाशी नव्हते. अम्माने एकदा 'जेवायला बस' म्हणावे, एवढ्याच आशेवर तो आला होता.

स्वयंपाकघरात अम्मा कढईपुढे बसली होती. ताकात भिजवलेल्या मैद्याचे गोळीबजे तेलात आपोआप कूस बदलत होते. शेजारी पत्रोड्यांच्या, म्हणजे तिकडच्या अळूवड्यांच्या, वळकट्या उकडून, कापून, तव्यावर परतून ठेवल्या होत्या. कुंदापूरचा समुद्र सोडून ती नागपूरच्या या कोरड्या उन्हात नांदायला आली, तेव्हा एवढेच तिच्यासोबत आले होते.

"अम्मा, मी आलो."

तिने वळून पाहिले नाही. "पाय धुवायला मोरीत पाणी आहे."

तो पाय धुऊन आला. "अळू अंगणातलाच?"

"अंगणातलाच."

"गोळीबजे अजून तसेच करतेस. आलं ठेचून."

"तसेच आवडायचे."

बाबांना तळलेले चालत नसे. म्हणजे ती आपल्याविषयीच बोलत होती. आणि बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. कितीतरी दिवसांत प्रथमच त्याचे मन हलके झाले.

अम्माने केळीची दोन पाने पुसली. पहिल्यावर बाबांच्या आवडीची तांदळाची खीर वाढली आणि ते पान मागच्या खोलीत नेऊन ठेवले. तिच्या माहेरची ही रीत त्याला ठाऊक होती. आजच्या आषाढी अमावास्येला गेलेली माणसे घरी जेवायला येतात. ती जेवत असताना दार ओढून घ्यायचे, घरच्यांनी बाहेर बसायचे. लहानपणी आजोबांचे पान असेच आत जाई आणि तो बाहेर भुकेने चुळबुळत राही.

दुसरे पान स्वयंपाकघरात जमिनीवर होते. अम्माने त्यावर गोळीबजे वाढले, पत्रोडे वाढले, वर खोबरेलाची धार सोडली. कडेचा करपलेला तुकडाही ठेवला. तो त्याला लहानपणापासून हवा असे.

अपूर्व पानासमोर बसला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने पेल्यातले पाणी तळहातावर घेतले.

अम्मा वाकली. तिने दोन्ही हातांनी ते पान अलगद उचलले, मागच्या खोलीत नेले आणि बाबांच्या पानाशेजारी ठेवले. उदबत्ती लावली. बाहेर येऊन दार ओढून घेतले.

मग प्रथमच तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले.

"तुम्ही जरा ओसरीवर बसा," ती म्हणाली. "आमचे दोघे जेवताहेत."