लांब झूमचा कॅमेरा

"हा छोटा सहा महिन्यांपर्यंत मागचं दाखवतो, हा लांब झूमचा दोन वर्षांपर्यंत," दुकानदार म्हणाला. "रोखाल तिथे तेव्हा घडलेलं दिसेल."

मृणालिनीने लांब झूमचा उचलला. आई जाऊन वर्ष झालं होतं. ती पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटचं पाणी आपणच तोंडात घातलं, असं धाकटा भाऊ शिरीष सगळ्यांना सांगे. ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

"ताई, छोटाच घे ना. एवढ्या मागचं काय बघायचंय?" सोबत आलेला शिरीष म्हणाला.

"आईला."

शिरीषचा चेहरा पांढराफटक पडला. "नको गं," एवढंच तो म्हणाला.

आई तहानलेलीच गेली, हे तिला कॅमेऱ्याशिवायच दिसलं.

"छोटाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "माहेरी आता हा एकटाच उरलाय."