गच्चीवरची सावली

रिपोर्ट बाजूला सारून डॉक्टर हर्षालीनं एक कोरा कागद पुढे ओढला. त्यावर लांब रेघ काढली, रेघेवर ओळीनं अक्षरं मांडली आणि शेजारशेजारच्या दोन अक्षरांभोवती पेन इतकं फिरवलं, की त्यांची काळी गाठ झाली.

"हे ऊन करतं," ती म्हणाली. "माझ्यात, तुमच्यात, सगळ्यांत."

टेबलाच्या अलीकडे तिघं बसली होती. अलका, तिचा नवरा नागनाथ आणि मधे एकोणीस वर्षांची सावनी, नाकाच्या कडेला पांढरी पट्टी लावलेली. पट्टीखालचा तिळासारखा फोड तीन आठवड्यांपूर्वी काढला होता. तो कॅन्सर निघाला. एवढ्या लहान वयात का, म्हणून रक्त तपासायला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आज आला होता. जयपुरात डॉक्टर अकोल्याची भेटली, मराठीत सांगेल, ह्या गोष्टीचा अलकाला सकाळपासून आधार वाटत होता. आता वाटलं, परक्या भाषेत ऐकलं असतं तर निम्मं तरी कळलं नसतं.

एका पेशीच्या दोन होताना आतला सगळा मजकूर, म्हणजे डीएनए, नकलून काढावा लागतो, डॉक्टर सांगत होती. नेहमीचा नकलणारा भरभर येतो, सहसा चुकत नाही. पण अशा गाठीपाशी त्याचं पाऊल अडतं. त्या वेळेसाठी शरीरानं एक वेगळाच नकलणारा ठेवलाय. एरवी तो धांदरट, सरळ मजकुरातही चुकेल. पण ह्या गाठीसमोर त्याच्याइतकं नेमकं अक्षर कुणी ठेवत नाही. तेवढी गाठ तो पार करून देतो आणि बाजूला होतो.

"मतलब, माझ्याकडे तो नाही," सावनी म्हणाली.

"नाही. जन्मापासूनच नाही. मग दुसरंच कुणीतरी पुढे होतं आणि अंदाजानं अक्षर टाकून देतं. ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत जाते." ह्या आजाराच्या बाकीच्या प्रकारांत मूल थोडं उन्हात गेलं तरी भाजतं, आईबापांना लवकर कळतं. सावनीच्या प्रकारात तसं होत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं.

अलकाला माहेरचा ओढा आठवला. पाणी चढलं, की मधल्या निसरड्या दगडापाशी कुणीतरी गडी उभा राहायचा. येणाऱ्याजाणाऱ्या बायाबापड्यांना हात द्यायचा, पलीकडे लावायचा. अख्ख्या वाटेवर त्याचं काम तेवढंच. आपल्या लेकीच्या वाटेवर तेवढा एक दगड रिकामा होता, आणि आपण तिला रोज पाण्यात सोडत होतो.

डॉक्टरनं फॉर्म घेतला. आतापर्यंत किती ऊन लागलंय, ते तिला लिहायचं होतं. "खरं असेल तेवढं सांगा. तपासणी दर महिन्याला करायची की सहा महिन्यांनी, ते त्यावर ठरेल. नवा फोड लहान असताना सापडला, तर काढून टाकता येतो."

"फार नाही," नागनाथ म्हणाला. "कॉलेज आणि घर."

"उन्हाळ्यात गच्चीवर बसायचे," सावनी म्हणाली. "कुरडया राखायला. पण सावलीत. टाकी आहे ना आमची, तिच्या सावलीत."

ती आईकडे बघत नव्हती.

नागनाथ फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जयपूरच्या झोटवाड्यात घर बांधलं, तेव्हापासून अलका कुरडया करून छावणीतल्या मराठी घरांना पुरवत होती. गावाकडे दोन दिवस घेणारी कुरडई इथे एका दिवसात कडकडीत होते, हे ती फोनवर बहिणींना कौतुकानं सांगायची. राखायला सावनी. हातात काठी, समोर कबुतरं, माकडं, कधी चक्क मोर. पलटणीत एवढा चोख संतरी पाहिला नाही, म्हणून नागनाथ तिला जिना चढता चढता सलाम ठोकायचा. पोरीच्या गालांवर ठिपके उठले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, वांग असेल, हळद-दूध लाव. अलकानं लावलं, आणि तिला पुन्हा वर पाठवलं.

टाकी गेल्या दिवाळीत बसवली होती.

डॉक्टरनं लिहिलं, 'सावलीत'. नागनाथनं मान खाली घातली. आता कुणी काही बोललं नसतं, तर ते तसंच राहिलं असतं. लेकीनं खोटं अगदी आईच्या मापाचं बेतून दिलं होतं. अलकानं नुसतं गप्प बसायचं होतं.

"ते खोडा, मॅडम," ती म्हणाली. "त्या गच्चीवर सावली नव्हती."

"आई," सावनी हळूच म्हणाली.

डॉक्टरनं शब्दावर रेघ मारली. वर न बघताच विचारलं, दिवसाचे किती तास. सकाळी दहापासून माल वाळेपर्यंत, अलकानं सांगितलं. चार वाजायचे. सुट्टीत रोज, शाळा असली की रविवारी.

"असे किती उन्हाळे?"

अलका बोटांवर मोजायला लागली. सावनी दुसरीत होती तो पहिला. मग तिसरी, चौथी. एका हाताची बोटं संपली. दुसऱ्या हाताचं एक मिटलं, दुसरं मिटलं, आणि पुढचं मिटेना. डॉक्टरचं पेन कागदावर थांबलेलं होतं.

सावनीनं तो अर्धवट मिटलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"बारा," ती डॉक्टरला म्हणाली.