पुढचा रेडिएटर

राहत्या बोटीच्या पुढच्या खोलीतला, गरम पाण्याने खोली तापवणारा रेडिएटर गारढोण होता. इनिडने त्यावर हात ठेवला, काढून घेतला, तेवढ्यात कालव्याच्या काठावर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. तिचा मुलगा रोलंड आला होता. ठरल्याप्रमाणे. सगळे रेडिएटर तापले तर आईने हिवाळा बोटीवर काढायचा. एक जरी गार निघाला तर बॅग भरायची आणि त्याच्या घरी जायचं.

नळ्यांतलं पाणी गोठू नये म्हणून अँटिफ्रीझ तिने स्वतः घातलं होतं. अर्धं पाणी, अर्धं ते गुलाबी द्रावण, जगमध्ये नीट एकत्र करून, मग बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनाशेजारच्या, रेडिएटरना पाणी पुरवणाऱ्या छोट्या टाकीत. थेंबही सांडला नव्हता.

रोलंड वाकून आत आला. अंगावर बर्फाचा भुगा. एक हातमोजा काढून त्याने मागचा रेडिएटर तपासला, मग मधला. पुढच्याशी तो थांबला.

"आई."

"हवा अडकलीय आत."

"म्हणजे गारच ना? बॅग कुठंय तुझी?"

इनिडने मान वळवली. ती टेबलावरच्या कपाकडे बघत होती. चहा मागच्या बाजूला कलला होता. पुढची, पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी. म्हणून बोटीने नाक वर काढलेलं, आणि हवा चढून पुढच्या रेडिएटरमध्ये बसलेली. आधी पिण्याचं पाणी भरायचं, मग रेडिएटर. कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि पाण्याचा नळ दोन लॉक, म्हणजे कालव्यातले दोन पाणदरवाजे, ओलांडून पलीकडे.

"रोलंड, पुढच्या टोकावर जाऊन उभा राहा."

"काय?"

"वजन हवंय. आणि शेजारच्या बोटीवरच्या फर्गसला हाक मार."

फर्गस हातातल्या चहाच्या मगासकट आला. "काय इनिड, पोराला पाण्यात ढकलायचा बेत आहे का?"

"तूही चढ. ते पोट कधी तरी कामी येऊ दे."

बोटीचं नाक हळूहळू खाली गेलं. कपातला चहा सपाट झाला, मग पुढे झुकला. इनिड मागे इंजिनाशी जाऊन बसली. छोट्या टाकीत आधी काहीच हललं नाही. मग एक बुडबुडा. मग गुडगुड सुरू झाली आणि गुलाबी पाणी झरझर खाली उतरलं. जगमधलं उरलेलं तिने खुणेपर्यंत ओतलं, झाकण घट्ट फिरवलं.

"आई, उतरू का?"

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही!"

"ऐक बाबा," फर्गस म्हणाला. "इथे कप्तान तीच आहे."

तिने बोलावलं तेव्हा रोलंडचे कान लाल झाले होते. त्याने पुढच्या रेडिएटरवर उघडा तळवा ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला. इनिड दारात ताठ उभी होती, रिकामा जग काखेत धरून.

बॅगेचं नाव त्याने काढलं नाही. दुसराही हातमोजा काढला, आणि दोन्ही ओले हातमोजे रेडिएटरवर शेजारी शेजारी वाळत घातले.