ओळखेल का?

"दादा, मी माणसं विसरत चाललेय. उद्या स्वतःलाच विसरले, तर देव तरी मला ओळखेल का रे? पुस्तकं धुंडाळू नकोस, तुझ्या मनातलं लिही."

धाकट्या बहिणीच्या त्या पत्राला आठ महिने झाले होते. जन्मभर ग्रंथपाल राहिलेल्या दादांनी नेमकी पुस्तकंच धुंडाळली. चार उत्तरं लिहिली, चारही फाडली. देवाच्या वतीनं हमी देणारे आपण कोण?

आज धीर करून त्यांनी तिच्या वृद्धाश्रमात फोन लावला.

"फार उशीर केलात, काका," नर्स म्हणाली. "आता त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नाही."

"मग आता लिहून काय उपयोग?"

"ते मला नाही कळत. पण टपाल आलं की दारात येऊन उभ्या राहतात. म्हणतात, 'दादाचं पत्र आलं का? तो वेळ लावतो, पण लिहितो.'"

फोन ठेवून दादांनी पोस्टकार्ड ओढलं.

"चिमणे, ओळखेल. स्वतःला विसरूनही तू मला विसरली नाहीस. मग ज्यानं तुला घडवलं, तो तुला विसरेल होय?"

आणि पुन्हा एकदाही न वाचता त्यांनी ते टपालपेटीत टाकलं.