चहाच्या रांगेतला विल्फ

सोमवारी थिएटरात युद्धाच्या बातमीपटात एड्नाला आपला नवरा विल्फ दिसला. वाळवंटात, सैनिकांच्या चहाच्या रांगेत पाचवा. मंगळवारी तीच फीत पुन्हा बघितली, तर तो चौथा!

"तुझ्या नवऱ्याची रांग निदान सरकते तरी," शेजारीण हिल्डा हसत म्हणाली. "आपली खाटकाकडची बघ."

शुक्रवारी दुपारच्या खेळाला विल्फचा नंबर लागणार, तोच पडद्यावर पाटी आली: हवाई हल्ल्याचा भोंगा वाजलाय, जायचं त्यांनी जावं. नेहमीप्रमाणे कुणी जागचं हललं नाही.

पाटी गेली. विल्फने दोन कप भरून घेतले आणि पडद्याबाहेर चालता झाला.

"दोन? हावरट कुठला! चहाला रेशन आहे म्हणावं!" हिल्डा ओरडली.

एड्ना पोट धरून हसत होती. तेवढ्यात ताज्या चहाचा वास आला, आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीची मिटलेली बैठक, कुणी बसावं तशी, करकरत खाली गेली.