बंद करण्याची सूचना

त्रिशूरच्या जयदेवनने स्वतः लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली बरीच सॉफ्टवेअर होती. नवी नोकरी लागल्यावर त्याने मल्याळम टायपिंगचं एकाला सोपवलं, पुराच्या नकाशाचं दुसऱ्याला. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं मात्र कुणीच घेईना. ते बंद करायला मन धजेना. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

“चेट्टा, वर्षानुवर्षं त्याबद्दल ना तक्रार, ना आभार. कोण वापरतंय ते? टाक बंद करून,” धाकटी बहीण शैलजा वैतागली.

सॉफ्टवेअर उघडताच ऐकू येईल अशी सूचना त्याने टाकली, सोबत आपला फोन नंबरही. चहा निवायच्या आत फोन आला.

“मी पालक्काडची भानुमती टीचर. मला दिसत नाही. ते बंद केलंत, तर मुलांचे निबंध मला कोण वाचून दाखवणार?”

“टीचर, मग इतक्या वर्षांत एक ओळही कशी लिहिली नाहीत?”

“कधी बिघडलंच नाही, तर लिहू काय?”